पारा उतरतो, पाणी गोठते, आणि वीज मात्र तिच्या वेळेवर येते

डिसेंबर निम्मा सरला की जिल्ह्यातल्या प्रत्येक पेपरात एक चौकट ठरलेली असते. वर 'निफाडला हुडहुडी', खाली कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा आणि शेजारी शेकोटीभोवती बसलेल्या मंडळींचा फोटो. शहरातला वाचक तो आकडा वाचतो, कानटोपी शोधतो आणि चहा मागवतो. निफाड, दिंडोरी, चांदवडकडच्या बागायतदाराला मात्र तो आकडा वाचावा लागत नाही. पहाटे बॅटरी घेऊन बागेत गेल्यावर ठिबकच्या नळीवर पांढरा थर दिसतो, गव्हाच्या पातीवर साखर सांडल्यासारखी दिसते, तेव्हाच त्याला आकडा कळतो.

या जिल्ह्याला थंडी नवी नाही. नाशिकच्या हवामान नोंदीत ७ जानेवारी १९४५ ला किमान तापमान ०.६ अंश होते. फेब्रुवारी २०१२ मध्ये नाशिक शहरात २.७ अंशांपर्यंत पारा उतरला. डिसेंबर २०१८ च्या अखेरच्या आठवड्यात निफाडला १.८ आणि १७ जानेवारी २०२० ला २.४ अंशांची नोंद झाली. म्हणजे दर काही वर्षांनी दोन-तीन रात्री अशा येतात की उघड्यावरचे पाणी गोठते. या दोन-तीन रात्रींची तयारी ना घरात असते, ना शेतात, ना ग्रामपंचायतीत, ना वीज उपकेंद्रात. सगळी धावपळ दुसऱ्या दिवशी सुरू होते. तोवर व्हायचे ते होऊन गेलेले असते.

चार अंशाला बर्फ कसा?

पारावर दर हिवाळ्यात हा प्रश्न निघतो. पाणी शून्याला गोठते असे शाळेत शिकलो. पेपरात तर तीन-चार अंश छापून येतात. मग आमच्या नळीत बर्फ आला कुठून? केंद्राचा पारा खोटा की आमचे डोळे?

खोटे कोणीच नाही. हवामान केंद्रातला तापमापक जमिनीपासून सुमारे चार फूट उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत ठेवलेला असतो. तो हवेचे तापमान सांगतो. आपली नळी, पात आणि पत्रा मात्र उघड्या आभाळाखाली असतात. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल, तर जमिनीजवळची प्रत्येक वस्तू आपली ऊब रात्रभर वर आभाळाला देत राहते. ती भोवतालच्या हवेपेक्षाही तीन-चार अंशांनी गार होते. म्हणून पेटीत चार अंश असले तरी पातीवर शून्य असू शकते. ढगाळ रात्री असे होत नाही, कारण ढग गोधडीसारखे ती ऊब परत खाली लोटतात. आंब्याच्या झाडाखाली उभ्या केलेल्या मोटारसायकलीच्या सीटवर दहिवर नसते आणि अंगणातल्या सीटवर असते, त्याचे कारणही हेच.

यातून एक साधा नियम निघतो. अंदाजात चार अंश किंवा त्याखाली आकडा असेल, आभाळ स्वच्छ असेल आणि संध्याकाळी वारा पडला असेल, तर ती रात्र गोठणाची समजावी. हवामान खाते सपाट प्रदेशात चार अंश वा त्याखाली पारा गेला की थंडीची लाट धरते आणि दोन अंशांखाली तीव्र लाट. शेतकऱ्याने मात्र चारलाच कंबर कसावी.

निफाडच का?

नाशिक शहर आणि निफाड यांत अंतर पस्तीस-चाळीस किलोमीटरचे, पण एकाच पहाटे दोन्हीकडच्या पाऱ्यात तीन-चार अंशांचा फरक पडतो. शहरात सिमेंट, डांबर आणि इमारती दिवसाची ऊब धरून ठेवतात. निफाड गोदावरी आणि कादवेच्या खोऱ्यातल्या सखल, मोकळ्या पट्ट्यात आहे. गार हवा जड असते. ती पाण्यासारखीच उताराने वाहते आणि खोलगट जागी साचते. उत्तरेकडचे कोरडे वारे दोन दिवस वाहून थांबले की तिसऱ्या रात्री हे खोरे गार हवेने भरते.

गावातल्या गावातही हा फरक असतो. नाल्याकाठचे वावर, बांध उंच असलेला खळगा, गावकुसाबाहेरची एकटी वस्ती, या जागा आधी गोठतात. माळावरची बाग सुटते आणि खालची अडकते. आपल्या शिवारात आधी कुठे पांढरे होते हे जुन्या माणसांना पाठ असते. ते एकदा विचारून गावच्या नकाशावर लिहून ठेवायला काय हरकत आहे? विम्याच्या वादात तो कागद कामी येईल. त्याबद्दल पुढे.

आधी घर

काश्मिरात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस 'चिल्लई कलान' चालते. तिथे नळ गोठणे हा रोजचा प्रकार. लडाखमध्ये पाइप जमिनीत खोल गाडतात आणि तरीही हिवाळ्यात पाणी चालू ठेवणे मुश्कील होते. सैन्यात असलेल्या आपल्या गावच्या पोरांना विचारा, ते सांगतील. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते. पाइपात कोंडलेल्या पाण्याला फुगायला जागा मिळत नाही, म्हणून पाइप फाटतो आणि बर्फ वितळल्यावर चिळकांडी उडते.

आपल्याकडे जमिनीत गाडलेला पाइप गोठत नाही. हे स्पष्ट सांगितले पाहिजे, नाहीतर उगाच कोणी तरी पाइपावर गुंडाळायचे महाग साहित्य गळ्यात मारेल. दोन फूट खाली काळी माती हिवाळ्यातही उबदार असते. आपल्याकडे त्या पाइपाला खरा धोका आहे तो उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या मातीचा आणि रस्ता खोदणाऱ्या जेसीबीचा. थंडीचा धोका आहे तो जमिनीबाहेरच्या पाइपाला. गच्चीवरून उतरणारी नळी, टाकीखालचा जोड, गोठ्यातला नळ, मोटारीच्या तोंडाशी असलेला उघडा तुकडा, नाल्यावरून पुलाच्या कडेने नेलेली गावची जलवाहिनी, या त्या जागा.

यात सगळ्यात नाजूक वस्तू म्हणजे गच्चीवरचा सौर बंब. गेल्या वीस वर्षांत तो वाड्या-वस्त्यांवर पोचला आहे. त्याचे दोन प्रकार. एकात काचेखाली काळा पत्रा आणि तांब्याच्या बारीक नळ्या असतात. दुसऱ्यात काचेच्या लांब नळ्या असतात. पहिला प्रकार दिवसा सूर्याकडे तोंड करून ऊब घेतो, आणि तेच तोंड रात्री आभाळाकडे करून ऊब घालवतो. बारीक नळीतले थोडे पाणी निरभ्र रात्री हवेआधी गोठू शकते आणि तांबे फाटू शकते. दुसऱ्या प्रकारात काचेच्या दोन पदरांमध्ये निर्वात पोकळी असते, त्यामुळे नळ्या बऱ्यापैकी सुरक्षित. तिथे चिंता टाकीला जोडणाऱ्या उघड्या पाइपाची.

उपाय साधे आहेत आणि बहुतेक घरातच सापडतात :

उघड्या पाइपाला जुने बारदान किंवा चिंध्या तीन-चार पदर गुंडाळून वरून प्लॅस्टिकचा कागद घट्ट बांधावा. बारदान कोरडेच हवे. ओले बारदान ऊब राखत नाही, उलट सुकताना पाइपाला आणखी गार करते. गोधडी स्वतः तापत नसते, अंगाची ऊब राखते. पाइपाचेही तसेच आहे. गोठणाचा काळ पहाटेचा दोन-तीन तासांचाच असतो. तेवढे निभले की झाले.

पत्र्याच्या सौर बंबातले पाणी अशा रात्री खालच्या कॉकमधून काढून ठेवावे. हा कॉक कुठे आहे हे बसवणाऱ्याकडून आधी समजून घ्यावे. पहाटे पाच वाजता शोधत बसू नये.

मुख्य कॉक बंद करता येत असेल तर तो रात्री बंद करून खालचा नळ उघडा ठेवावा, म्हणजे उतरता पाइप रिकामा होतो. रिकाम्या पाइपाला थंडी काही करत नाही.

पाइप गोठलाच तर उकळते पाणी ओतू नये आणि खाली जाळ तर मुळीच करू नये. प्लॅस्टिकचा पाइप गारठ्यात कडक आणि ठिसूळ झालेला असतो. अचानक तापला की तडकतो किंवा वाकतो. नळ उघडा ठेवावा, नळाच्या तोंडाकडून मागे मागे कोमट पाण्यात बुडवलेले फडके लावत जावे. नाहीतर सरळ आठ वाजेपर्यंत थांबावे, सूर्यनारायण फुकट काम करतो.

गारठ्यात नवा जोडही करू नये. पाइपाचे सोल्युशन थंडीत उशिरा सुकते. सकाळी सातला चिकटवून आठला पाणी सोडले की जोड निखळतो, आणि दोष मात्र सोल्युशनला दिला जातो.

मग बाग

घरचा पाइप फुटला तर काही शेकड्यांचे काम निघते. बागेची गोष्ट वेगळी. ऑक्टोबर छाटणीनंतर औषधे, मजुरी, डिपिंग, थिनिंग असे करत डिसेंबर-जानेवारीपर्यंत बहुतेक खर्च वेलीवर चढलेला असतो. नेमक्या त्याच वेळी गोठण येते. पारा दहाच्या खाली रेंगाळू लागला की मण्याची फुगवण मंदावते. पाणी उतरलेल्या मण्यांना तडे जातात. दिवस-रात्रीच्या तापमानात मोठी तफावत पडली की हिरव्या जातीत गुलाबी मणी निघतात. निर्यातीच्या मालात ते चालत नाहीत, म्हणून घडांना कागद गुंडाळायची मजुरी वाढते. पांढरे दहिवर पडले तर कोवळा शेंडा करपतो. थंडी गहू-हरभऱ्याला मानवते, पण त्यांनाही फुलोऱ्यात गोठण नको असते.

ठिबकच्या नळ्यांचे काय होते? सोळा मिलिमीटरच्या नळीत शंभर मीटरला जेमतेम पंधरा लिटर पाणी मावते. इतके थोडे पाणी, काळी नळी आणि उघडे आभाळ. तोट्यांच्या तोंडाशी आधी बर्फ धरतो. नळी लवचिक असल्यामुळे ती सहसा फुटत नाही. फुटतात ते कडक भाग : फिल्टरचे झाकण, प्रेशर गेज, व्हेंच्युरी, व्हॉल्व्ह. फवारणीच्या पंपातही तेच. रात्री पंप, होज आणि गनमध्ये पाणी ठेवू नये. फिल्टरचा निचरा कॉक उघडून ठेवावा. दोन मिनिटांचे काम आहे.

बंद तोट्यांवर मोटार पूर्ण जोरात चालू करू नये. दाब चढतो आणि जिथे कच्चे असेल तिथे सुटते. आधी सबमेनच्या टोकाचा फ्लश व्हॉल्व्ह उघडून नळीत साचलेले गार पाणी जाऊ द्यावे. एकरभर बागेच्या नळ्यांत ते सव्वादोनशे लिटरच्या आसपास असते. दोन-तीन मिनिटांत विहिरीचे पाणी येऊन पोचते आणि तेच बर्फ काढते.

विहिरीची ऊब : एक हिशेब

पहाटे विहिरीचे पाणी हाताला कोमट लागते, त्यावर वाफ दिसते. पाणी तापलेले नसते, हात गारठलेला असतो. खोल पाण्याचे तापमान वर्षभर फारसे बदलत नाही, ते वीस अंशांच्या पुढेच असते. ही ऊब म्हणजे शेतकऱ्याचे फुकटचे जळण.

हिशेब करून पाहू. नऊ बाय पाच फुटांवर लावलेल्या बागेत एकरी सुमारे ९६८ वेली बसतात. वेलीला चार लिटरच्या दोन तोट्या धरल्या तर तासाला पावणेआठ हजार लिटर पाणी पडते. बावीस अंशांचे पाणी दोन अंशांपर्यंत निवताना लिटरमागे वीस किलोकॅलरी ऊब सोडते. एकूण झाली सुमारे दीड लाख किलोकॅलरी. एवढ्या उबेसाठी चाळीस किलोहून जास्त वाळके लाकूड जाळावे लागेल. ही सगळी ऊब घडापर्यंत पोचत नाही, बरीचशी मातीत जाते. पण वेलीभोवती अंश-दोन अंशांचा फरक पडला तरी गोठण आणि सुटका यांच्यात तेवढेच अंतर असते.

शेततळ्याच्या पाण्याला हा हिशेब लागू नाही. ते रात्रभर आभाळाखाली उघडे असते, विहिरीइतकी ऊब त्यात नसते. गोठणाच्या रात्री विहिरीचे किंवा बोअरचे पाणी द्यावे, तळ्याचे दिवसा वापरावे. पक्व होत आलेल्या मालाला मात्र पाणी मोजून द्यावे. थंडी टाळायला दिलेल्या जादा पाण्यानेच मणी तडकला, असे व्हायला नको.

शेकोट्यांबद्दलही थोडे. धुराचे पांघरूण थंडी अडवते असा समज आहे. खरे काम धूर कमी आणि जाळाची ऊब जास्त करते. म्हणून कोपऱ्यात एक मोठा जाळ करण्यापेक्षा बांधाने आणि ओळींच्या टोकाला बऱ्याच लहान शेकोट्या कराव्यात. मोठा जाळ ऊब सरळ वर फेकतो, ती बागेला मिळत नाही.

आच्छादनाचे उलटे आहे. मुळांसाठी उसाचे पाचट चांगलेच. पण गोठणाच्या रात्री ते जमिनीची ऊब जमिनीतच कोंडते आणि वरची हवा आणखी गार होते. स्वच्छ, दबलेली, ओली जमीन दिवसा ऊन पिते आणि रात्री ते परत देते.

तुषार संचाच्या वाटेला तर विचार करूनच जावे. पाणी गोठताना ऊब सोडते, हे खरे. म्हणून तुषार चालू असेपर्यंत पीक वाचते. पण मध्येच वीज गेली की ओल्या पानावरचे पाणी उडू लागते आणि पान न भिजवलेल्या पानापेक्षाही गार होते. सूर्य वर येऊन बर्फ वितळेपर्यंत संच अखंड चालला पाहिजे. आपल्याकडे अखंड चालण्याची हमी कोण देणार?

तार मुकी असते तेव्हा

खरी गोम इथे आहे. गोठणाची वेळ पहाटे तीन ते सूर्योदय. शेतीपंपाची थ्री फेज वीज चक्राकार मिळते, काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री. तुमची रात्रपाळी त्या रात्री असली तर बाग वाचवायला निदान मोटार चालते. दिवसपाळीचा आठवडा असला तर विहिरीत वीस अंशांचे पाणी असते, डोक्यावर दोन अंशांची हवा असते आणि मधली तार मुकी असते.

रात्रपाळीचे तरी सुख आहे का? उसाच्या पट्ट्यात बिबट्या, बांधावर विषारी जनावर, ओल्या हाताने स्टार्टर, आणि घरी बाई-माणूस जागे. म्हणून 'आम्हाला दिवसा वीज द्या' ही मागणी झाली आणि ती शंभर टक्के रास्त आहे. त्यातूनच २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू झाला, आणि २०२४ मध्ये 'मागेल त्याला सौर कृषी पंप' आला. त्याच वर्षी साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिलही माफ झाले. चांगलेच झाले.

पण सूर्यावर चालणारा पंप पहाटे चारला चालत नाही, हे कोणीतरी मोठ्याने बोलायला हवे. वर्षातले तीनशेहून अधिक दिवस दिवसाची वीजच हवी. उरलेल्या मोजक्या रात्री मात्र नेमकी पहाटेची हवी. दिवसाच्या विजेची मागणी करताना या रात्रींचा करार आपण कोणाशीच केलेला नाही. जुनी जोडणी सोडून सौर पंप घेणाऱ्या द्राक्षबागायतदाराने हा विचार अर्ज भरण्याआधी करावा.

दिवसाच्या विजेवरही निम्मे काम होते, तेही सांगितले पाहिजे. अंदाज कळल्यावर आदल्या दिवशी दुपारपर्यंत जमीन ओली करून ठेवली तर ओली माती दिवसाचे ऊन जास्त साठवते आणि रात्रभर सोडते. कोरड्या, भुसभुशीत जमिनीपेक्षा तिथे पहाटे पारा अंशभर तरी वर राहतो. चार अंशांच्या रात्री एवढे पुरेल. दोन अंशांच्या रात्री पुरणार नाही.

मग मागणी काय असावी? हवामान खात्याने नाशिक जिल्ह्यासाठी थंडीच्या लाटेचा इशारा दिला की द्राक्षपट्ट्यातल्या शेती फीडरना त्या रात्री पहाटे तीन ते सात थ्री फेज वीज मिळावी. बदल्यात दुसऱ्या दिवशी तेवढे तास कमी करावेत. पहाटेच्या त्या वेळी राज्याची विजेची मागणी खाली आलेली असते. शेतीला रात्री वीज देण्यामागे मुळात हाच हिशेब होता. जादा वीज कोणी मागत नाही, फक्त वेळ बदलून मागायची आहे. इशारा दोन-तीन दिवस आधी मिळतो, तेव्हा फीडरचे वेळापत्रक बदलणे ही अशक्य गोष्ट नाही. हा ठराव ग्रामसभेत करून वीज कंपनीच्या उपविभागाला आणि जिल्हाधिकाऱ्यांना दिवाळीच्या आसपासच गेला पाहिजे. जानेवारीत गेलेला ठराव पुढच्या जानेवारीचाच होतो.

टेक्सासचा धडा

वीज आणि थंडी यांचे नाते किती जवळचे, याचा धडा अमेरिकेने २०२१ च्या फेब्रुवारीत घेतला. टेक्सास हे तिकडचे उष्ण राज्य. आपल्यासारखीच तिथेही कडाक्याच्या थंडीची सवय नाही, त्यामुळे घरांचे पाइप बेताचेच झाकलेले. हिमवादळ आले, वीज केंद्रे आणि गॅसच्या वाहिन्याच गारठून बंद पडल्या, पंचेचाळीस लाखांवर घरांची वीज गेली. घरे थंड पडली आणि मग छतातले, भिंतीतले पाइप फुटले. ह्युस्टन, डॅलसकडे आपली मराठी मंडळीही बरीच आहेत. बादल्या लावून बर्फ वितळवून पाणी वापरायची वेळ अनेक घरांवर आली. शासकीय मोजणीने २४६ माणसे दगावली.

पाइप थंडीने फुटले, पण थंडीला घरात वाट मिळाली ती वीज गेल्यामुळे. श्रीमंत राज्य, पण वर्षातल्या चार दिवसांची तयारी नव्हती. आपले दुखणे वेगळ्या मापाचे असले तरी जातीचे तेच आहे.

विमा, पंचनामा आणि कागद

गोठणाने नुकसान झाले तर दोन दरवाजे आहेत. पहिला विम्याचा. हवामानावर आधारित फळपीक विम्यात द्राक्षासाठी अवेळी पावसाबरोबर कमी तापमानाचाही धोका धरलेला आहे. इथे पंचनामा होत नाही. महसूल मंडळातल्या संदर्भ हवामान केंद्राचा आकडा ठरलेल्या मर्यादेखाली, ठरलेल्या काळात गेला तरच भरपाई. तो आकडा आणि तो काळ त्या वर्षीच्या शासन निर्णयात छापलेला असतो. हप्ता भरताना तो वाचून घ्यावा. केंद्र माळावर आणि बाग खळग्यात असेल तर केंद्राला पाच आणि बागेला दोन, असे होणारच. म्हणून गावाने आपल्या सखल शिवारात एक-दोन साधे किमान तापमापक लावून रोजची वही ठेवावी. या वहीवर विमा मिळणार नाही, हे खरे. पण 'आमच्या मंडळातले केंद्र चुकीच्या जागी आहे' हे सांगायला दोन हिवाळ्यांची वही हाताशी असेल, तर बोलण्याला वजन येते.

दुसरा दरवाजा आपत्ती मदतीचा. केंद्राच्या आपत्ती निवारण निधीच्या यादीत गारपीट आणि दुष्काळाबरोबर थंडीची लाट आणि हिमदवही आहे. हे पुष्कळ शेतकऱ्यांना आणि काही अधिकाऱ्यांनाही ठाऊक नसते. नुकसान ३३ टक्क्यांवर असेल तर पंचनामा मागण्याचा हक्क आहे. अडचण एवढीच की गारपिटीची खूण सगळ्यांना दिसते, गोठणाची खूण दोन दिवसांनी उमटते. पान आधी पाणचट दिसते, मग काळे पडते. भाऊसाहेब पहिल्याच सकाळी येऊन 'काही दिसत नाही' म्हणून गेले तर कागदावर नुकसान शून्य. म्हणून त्या पहाटेचा बर्फाचा फोटो, तिसऱ्या दिवसाचा करपलेल्या शेंड्याचा फोटो आणि मधल्या तारखा, तिन्ही जपून ठेवावे. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, आणि कृषी खात्याचा माणूस यांनीही पाहणी तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा करावी.

ग्रामपंचायतीने एवढे करावे

जलजीवन मिशन २०१९ मध्ये सुरू झाले. माणशी ५५ लिटर पाणी घरात नळाने, हे त्याचे उद्दिष्ट. नळ घरात आला, पण बऱ्याच गावांत पाणी सुटण्याची वेळ मात्र पहाटेचीच राहिली. दोन अंशांच्या हवेत आयाबाया हंडे-बादल्या घेऊन अंगणात उभ्या. थंडीच्या दोन महिन्यांत पाणी आठला सोडले तर कोणाचे काय बिघडेल? पाणीपुरवठा कर्मचाऱ्याला एक निरोप दिला की झाले. पैसा लागत नाही.

नाल्यावरून आणि पुलाच्या कडेने गेलेले उघडे पाइप नोव्हेंबरात एकदा पाहून झाकावेत. टाकीच्या खालच्या जोडांना बारदान बांधावे. शाळा आणि अंगणवाडीच्या गच्चीवरच्या नळ्या विसरू नयेत, तिथे सुटीत कोणी नसते आणि फुटलेला नळ सोमवारीच कळतो. हवामानाचा इशारा आला की तो फळ्यावर लिहावा आणि गावच्या फोनवरच्या ग्रुपात टाकावा. सुविचार आणि वाढदिवसांच्या गर्दीत तो एक निरोप कामाचा ठरेल.

हे सगळे वाचून कोणी म्हणेल, दोन रात्रींसाठी एवढा खटाटोप? त्याने एकदा जानेवारीच्या पहाटे नांदूरमधमेश्वरच्या वरच्या अंगाला एखाद्या बागेत उभे राहावे. विहिरीत ऊब आहे, वेलीवर वर्षाची कमाई आहे, हातात स्टार्टरचे बटण आहे, आणि दिवा लागत नाही. तिथे उभ्या असलेल्या माणसाला दोन रात्रींचा हिशेब सांगायची गरज नाही. हिशेब बाकीच्यांनी करायचा आहे, आणि तो थंडी पडायच्या आत करायचा आहे.